परसातला इतिहास

स्मरणिकेच्या संपादक भगिनींनी माझ्याकडे "गावाचा आणि मंडळाचा थोडा इतिहास" मागितला. मी विषय सांगितला तेव्हा खोलीत क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एकजण हळूच म्हणाली, "काकी, बालवाडीवर लिहा ना." बालवाडीवर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. हळदीकुंकवावर, भजनावर आणि काजूच्या गृहोद्योगावरही लिहितील. परंतु आपल्या मंडळाने जे काम सर्वांत जास्त घरांच्या आत नेले ते संडासाचे, आणि ज्या कामात आपल्या हातून सर्वांत मोठी चूक झाली तेही तेच. तेव्हा भगिनींनो, नाकाला पदर लावावासा वाटला तर खुशाल लावा. पण शेवटपर्यंत वाचा.

ज्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी सून होऊन या गावात आल्या त्यांना तेव्हाची पहाट कशी होती हे सांगावयास नको. कोंबडा आरवण्यापूर्वी उठावयाचे, टमरेल उचलावयाचे, शेजारणीला हाक द्यावयाची आणि वाडीबाहेरच्या कुरणाकडे निघावयाचे. उजाडले की मग दिवे लागेपर्यंत सोय नाही. नव्या नवरीला पहिल्याच आठवड्यात मिळणारा उपदेश म्हणजे, "दुपारनंतर पाणी बेताने पी." त्या बेताने पिण्यातून पुढे किती जणींना मूत्रमार्गाची दुखणी जडली, किती जणींचे कोठे कायमचे बिघडले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पावसाळ्यात तर डोक्यावर इरले, हातात कंदील आणि पायाखाली फुरशाची धास्ती. पुरुषांना हे सारे नव्हते असे नाही. पण त्यांना दिवसाही जाता येई, एवढा एक फरक पुष्कळ होता.

मोठ्या घरांतून मागील दारी शेतखाना असे. हा शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की शेताशी याचा काही संबंध आहे. तसे नाही. मूळ शब्द 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याची जागा; तो आपल्याकडे येता येता असा झाला. आरोग्य कोणाचे, हे मात्र विचारावयाचे नाही. तालुक्याच्या गावांतून आणि शहरांतून टोपलीचे संडास होते. घराच्या मागल्या अंगाला एक बोळ असे, त्या बोळातून एक ठरावीक जातीची माणसे येत, खालची टोपली ओढून रिकामी करीत आणि डोक्यावरून वाहून नेत. त्यांत बायकाही असत. बोळ मागे असण्याचे कारण उघड आहे. ते काम आपल्याला हवे होते, पण करणारे माणूस डोळ्यांसमोर नको होते. तेव्हाच्या मुंबई सरकारने 1949 साली श्री. वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली या कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, आणि तिचा अहवाल 1952 साली आला. डोक्यावरून मैला वाहण्याची चाल त्यानंतरही पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली.

या गोष्टीला आपल्याच कोकणातल्या एका माणसाने जसा हात घातला तसा फार थोड्यांनी घातला असेल. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांना लोक 'कोकणचे गांधी' म्हणत. 1894 साली जन्मलेला हा एम. ए. झालेला गृहस्थ सत्याग्रहात तुरुंगात गेला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी अधिकाऱ्यांकडे मागणी केली की, मला संडाससफाईचे काम द्या. त्या वेळी या कामाला जे नाव होते ते एका जातीचेच नाव होते, आणि तुरुंगाचा नियमही तसाच होता: ज्याची जात त्याचे काम. उच्च जातीचा म्हणून अप्पांना ते काम नाकारण्यात आले, आणि अप्पांनी अन्नत्याग आरंभला. येरवड्यास असलेल्या महात्माजींना हे कळताच डिसेंबर 1932 मध्ये त्यांनीही सहानुभूतीचा उपवास सुरू केला. प्रश्नाचा विचार होईल असे आश्वासन मिळाल्यावर तो सुटला. संडास साफ करावयास मिळावा म्हणून उपवास! आमच्या सासूबाई ही गोष्ट सांगत तेव्हा दरवेळी कपाळाला हात लावीत. पण सांगत मात्र मोठ्या अभिमानाने.

पुढे 1948 साली अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. तेथे त्यांनी संडासाचे जे प्रयोग केले त्यांतला 'गोपुरी संडास' नाव करून राहिला. त्यात नवल असे काही नव्हते. जमिनीच्या वर बांधलेले कप्पे असत. प्रत्येक वेळी मैल्यावर माती किंवा पालापाचोळा पडे. एक कप्पा भरला की तो झाकून ठेवावयाचा आणि दुसरा वापरावयास घ्यावयाचा. झाकलेल्यात काही महिन्यांनी खत तयार होई, त्याला न वास ना माशी. या खताला मराठीत फार जुने नाव आहे, सोनखत. ज्या भाषेने मैल्याला सोने म्हटले त्याच भाषेच्या समाजाने तो उचलणाऱ्याला गावाबाहेर ठेवले, हे अप्पांना खुपत होते. त्यांचा खटाटोप केवळ स्वच्छतेचा नव्हता. मैला ताजा असताना कोणाच्याही हाताला लागता कामा नये, आणि लागलाच तर खत होऊन ज्याचा त्याच्या हाताला लागावा, हे त्यांचे सूत्र होते. गोपुरी आपल्यापासून दूर नाही. तरीसुद्धा आपण ते घेतले नाही, आणि जे घेतले ते फार लांबून आले.

ते म्हणजे सेप्टिक टँक. 1860 च्या सुमारास फ्रान्समधल्या व्हसूल गावी मूरास नावाच्या गृहस्थाने घरातला मैला एका बंद हौदात सोडला. काही वर्षांनी हौद उघडून पाहतो तो घट्ट मैला अगदी थोडा, बाकी सारे पाणी. 1881 साली त्याने या युक्तीचा हक्क नोंदवून घेतला. त्यानंतर इंग्लंडात एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरून या अभियंत्याने 1895 साली मोठी टाकी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजवणारा. ही विद्या आपल्या मुंबईसही लवकरच पोचली. माटुंग्यास कुष्ठरोग्यांसाठी जी वसाहत होती तेथे 1897 साली अशा टाक्यांतला वायू गोळा करून कामी लावल्याचे इतिहासात नमूद आहे. म्हणजे गोबरगॅसच्या आधी मैल्याचा गॅस आपल्याकडे येऊन गेला, आणि तोही समाजाने बाहेर काढलेल्या माणसांच्या दारी.

टाकीत घडते काय, ते नीट समजून घ्यावे, कारण आपले सगळे घोटाळे न समजण्यातून झाले आहेत. मैला पाण्याबरोबर टाकीत शिरला की स्थिरावतो. जड भाग तळाशी बसतो, हलका भाग दुधावर साय धरावी तसा वर जमतो, आणि मधले पाणी पलीकडच्या नळीने बाहेर पडते. तळच्या गाळात हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू असतात. ते गाळ खातात व त्याचा वायू करतात. खातात, पण सगळा खात नाहीत. उरलेला गाळ वर्षानुवर्षे चढत जातो आणि दर दोन-तीन वर्षांनी तो काढावाच लागतो. बाहेर पडणारे पाणी दिसावयास बरे दिसते, परंतु त्यात रोगजंतू भरपूर असतात. म्हणून ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात जिरवावयाचे. भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटरभर पाणी राहील एवढी टाकी पुरते. आपल्याकडे मात्र टाकीची लांबी-रुंदी लग्नातल्या पंगतीसारखी प्रतिष्ठेवर ठरते.

आपल्या गावात पहिल्या टाक्या आल्या त्या चाकरमान्यांच्या पैशाने. मुंबईच्या चाळीत राहून आलेल्या मुलांना मे महिन्यात घरी आल्यावर कुरणाकडे जाणे जड जाऊ लागले. विहिरीवर पंप बसले, मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याच्या आल्या, आणि त्याबरोबर मागल्या दारी टाकी आली. नंतर आपल्या मंडळाने हे काम हाती घेतले. आम्ही घरोघर फिरलो, सासऱ्यांशी वाद घातले, "घराजवळ घाण नको" म्हणणाऱ्यांना सुनांची आण घातली, भिशीतून पैसे उभे केले. ज्या दिवशी एखाद्या घरी संडासाचे दार लागे त्या दिवशी तिथली सून आम्हाला साखर देई. त्या दिवसांची मला आजही लाज वाटत नाही. पण एक प्रश्न आमच्यापैकी एकीनेही कोणाला विचारला नाही: ही टाकी भरल्यावर उपसणार कोण?

गवंड्यांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले होते. "बाईनू, ही टाकी कधी भराची नाय." कारण पुष्कळ टाक्यांना त्यांनी तळच घातला नव्हता. खाली उघडा जांभा, त्याच्या फटींतून पाणी निघून जाई आणि मालक वीस-वीस वर्षे अभिमानाने सांगे की आमची टाकी उपसावी लागत नाही. ते पाणी जाई कोठे, हे विहिरीला विचारावयास हवे होते.

आमच्या घरची टाकी तळ घातलेली होती, एवढे आमचे नशीब. 1983 साली बांधली तेव्हा तिचे झाकण मी पाहिले होते. पुढे त्यावर फरशी बसली, फरशीवर तुळशीवृंदावन आले, आणि झाकण कोठे होते ते घरात कोणालाच सांगता येईना. एकदा मी सासूबाईंना विचारले तर म्हणाल्या, "ह्यां काय देवघर आसा गो, रोज उघडून बघूक?" 2004 च्या आषाढात, भर पावसात, न्हाणीघराच्या मोरीतून काळे पाणी उलटे वर आले. शोषखड्डा गाळाने बुजलेला, टाकी काठोकाठ, घरात बाळंतीण. विहिरीचे पाणी तपासून घेतले तर पिण्यास अयोग्य निघाले. शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम बारा पावलांवर होता. त्या काळी आमच्या बाजूला मैला ओढणारी गाडी नव्हती. कोणी तरी सांगून दोन माणसे आणली. ती रात्री आली. कामाआधी दोघांनी दारू घेतली. शुद्धीवर हे काम होत नाही, असे त्यांतला मोठा म्हणाला. फरशी फोडून झाकण सापडले. धाकटा बादलीला दोर बांधून कमरेएवढ्या घाणीत उतरला. सकाळी आम्ही त्यांना पैसे दिले आणि चहा दिला. चहा कशातून दिला ते येथे लिहिण्याचे मला धैर्य होत नव्हते. पण इतिहास लिहावयाचा म्हणून बसले आहे, तर लिहिते. करवंटीतून दिला. अप्पासाहेबांच्या उपवासाची गोष्ट सांगणारे ते घर. मी तेव्हा मंडळाची चिटणीस होते.

धाकटा त्या रात्री सुखरूप वर आला, हा निव्वळ योग. बंद टाकीत जो वायू साठतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. माणसाला वाटते, वास गेला, आता हरकत नाही, आणि तेवढ्यात तो कोसळतो. त्याला वाचवावयास दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच टाकीत तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा. 1993 साली हाताने मैला उचलवून घेण्याविरुद्ध कायदा झाला. 2013 च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांवाचून माणूस उतरवणे हाही गुन्हा ठरवला. उतरवणाऱ्यात घरमालक आणि घरमालकीण आली, हे विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली गटारात व टाकीत मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. त्यातले किती पैसे कोणाच्या हाती पोचले हा वेगळा विषय, असो.

टाकीवाचून दुसरा मार्ग नव्हता काय? होता, आणि तो आपल्याच राज्यात सिद्ध झाला होता. देहूच्या सरकारी दवाखान्यात 1960 च्या सुमारास डॉ. मापुस्कर म्हणून तरुण डॉक्टर आले. तुकोबांच्या गावची हागणदारी पाहून त्यांनी नमुन्याबरहुकूम काही संडास बांधून घेतले. ते पावसात ढासळले. आपल्यासारखा एखादा तेथेच थांबला असता. हे डॉक्टर मात्र अप्पासाहेब पटवर्धनांकडे शिकावयास गेले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी संडास आणि मैल्याचा गॅस या दोन गोष्टींना वाहिली, आणि 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तिकडे बिहारात बिंदेश्वर पाठक यांनी 1970 पासून दोन खड्ड्यांचा 'सुलभ' संडास गावोगाव नेला. 2000 साली आपल्याकडे संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले, 2014 साली देशभर स्वच्छ भारत अभियान आले, आणि 2018 साली राज्य हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. जाहीर होणे आणि होणे यांत जे अंतर असते ते आपणा गावकऱ्यांना ठाऊक आहे. परंतु या सगळ्या धामधुमीत सरकारी पुस्तिकांतून जो नमुना आवर्जून सांगितला गेला तो दोन खड्ड्यांचाच होता, आणि लोक मात्र टाकीच बांधत राहिले, कारण टाकी श्रीमंताची आणि खड्डा गरिबाचा अशी आपली समजूत.

आमच्या घरी 2016 साली टाकी मोडली, तेव्हा मी हट्टाने दोन खड्डे घेतले. खड्डे लहानच, मीटरभर रुंद आणि त्याहून थोडे खोल. भिंतीत जाळीसारखी भोके ठेवावयाची म्हणजे पाणी आजूबाजूच्या मातीत जिरते आणि वायूही मातीतच मुरतो. वासाची उंच नळी लागत नाही. भांडे उताराचे आणि खालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी राहणारे, म्हणजे तांब्या-दोन तांब्यांत काम होते. मध्ये एक चेंबर, त्यातून एका वेळी एकाच खड्ड्याची वाट उघडी ठेवावयाची. आपल्या पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा भरावयास तीनेक वर्षे लागतात. तो भरला की त्याची वाट बंद करून दुसऱ्याची उघडावयाची. पहिल्याला दीड-दोन वर्षे विश्रांती. तेवढ्यात जंतू मरतात आणि मैल्याची माती होते. आम्ही खड्डे विहिरीपासून जेवढे लांब नेता येतील तेवढे नेले. साध्या जमिनीत दहा-पंधरा मीटर पुरतात असे म्हणतात. पण जांभ्याच्या फटींचा भरवसा नाही. पावसाळ्यात पाणी वर येणारी जागा म्हणून तळ बंद करून भोवती वाळूचा जाड थर भरला. गवंडी म्हणाला, "काकी, वाळूचे पैसे मातीत." मी म्हटले, "विहीर पण मातीतच आहे."

ज्यांच्याकडे चांगली टाकी आहे त्यांनी ती मोडावी असे मी म्हणत नाही. जागा अडचणीची असेल, घरात माणसे फार असतील, तर टाकीच बरी. पण तिला तळ हवा, झाकण उघडता येईल असे हवे, आणि त्यावर तुळस नको. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवावी. भरून वर येण्याची वाट पाहू नये. गाडी मैला कोठे ओतते तेही विचारावे, नाही तर आपली घाण दुसऱ्या वाडीच्या ओहोळात. आणि कोणी कितीही आग्रह केला, पैसे कमी घेतो म्हणाला, तरी माणूस आत उतरवू नये.

आमचा पहिला खड्डा 2019 साली बंद केला होता; तो 2021 च्या माघात उघडला. मंडळाच्या सभासदांना मी आमंत्रण दिले होते. हळदीकुंकवाला जितक्या येतात तितक्या अर्थातच आल्या नाहीत. ज्या आल्या त्याही विहिरीपलीकडे उभ्या राहिल्या. झाकण मी व माझ्या मुलाने उचलले. आत काळीभोर, भुसभुशीत माती. मी ओंजळ भरून घेतली आणि पुढे धरली. कोणी पुढे येईना. शेवटी सासूबाई काठी टेकीत आल्या, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "मातीच आसा गो." ती माती माडांना आणि केळीला घातली. त्या केळीचा घड पिकला तेव्हा शेजारणीने आधी तीन दिवस नकोच म्हटले. चौथ्या दिवशी तिची नातवंडे येऊन खाऊन गेली, तेव्हा तिनेही घेतली. नंतर एकदा ती दुपारची, कोणी नसताना, घमेले घेऊन आली आणि विचारले, "सोनचाफ्याला चालेल का हो?"

दुसरा खड्डा पुढच्या माघात उघडावयाचा आहे. या वेळी घमेले आपापले आणावे.